मागच्या खोलीची भिंत

बुध., १२ फेब्रु.
पहिली शिफ्ट. चारला घरी. रंगारी मागच्या खोलीला दुसरा हात देऊन गेला होता. दर पावसाळ्यात गच्चीचं पाणी मुरून तिथं परातीएवढी ओल उठते, ती गेली. म्हणजे आहेच, दिसत नाही. एजंट दिनेशनं भिंतीवरून हात फिरवला. "काका, मक्खन!" भिंतीला मक्खन म्हणणाऱ्याच्या हाती आपलं घर दिलंय.

त्याचे हुकूम: बाथरूममधला पाण्याचा ड्रम लपवा (दिवसाआड पाणी येतं हे कळतं). भिंतीवरचं कॅलेंडर काढा. पार्टी यायच्या आधी गवती चहा उकळत ठेवा, वास छान येतो. प्यायचा नाही, नुसता उकळायचा. आणि देव आतल्या कपाटात, "सगळ्या जातीधर्माची पार्टी येते ना काका."
म्हटलं, देव हलणार नाहीत, तू हल.
हसला. त्याला वाटलं विनोद केला.

सौ. आज दूध घ्यायला उतरली ती दुसऱ्या मजल्यावर बसून राहिली. शेजारच्यांनी हात धरून वर आणली. गुडघे गेलेत, डॉक्टर म्हणतात जिना बंद. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बंद म्हणजे काय करायचं? ताथवड्यात मुलीजवळ लिफ्टच्या इमारतीत घर बघून ठेवलंय. मालक बुधवार, ५ मार्चपर्यंत थांबतो म्हणाला. त्याच्या आत हे विकलं तर ते.

शुक्र., १४
जोडपं आलं, दोघं आयटीतले. बाई खोल्या बघेना, खोल्या मोबाइललाच दाखवत होती. नवरा टीव्हीची भिंत टेपनं मोजत होता. एवढा मोठा टीव्ही, की बसायला जागा उरेना. मग ते सोफा मोजायला लागले, लहान करता येईल का म्हणून. माणसं कुठं बसणार हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही.
जाता जाता नवरा म्हणाला, "लीकेज वगैरे?"
मी म्हटलं, मागच्या खोलीत, पावसाळ्यात.
दिनेशचा चेहरा बघण्यासारखा झाला.

रवि., १६
आज एक गृहस्थ वास्तुवाला घेऊन आले. वास्तुवाल्यानं मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, घरभर फिरला, देवघरापाशी थबकला. "देव चुकीच्या दिशेला बसलेत."
"बावीस वर्षं बसलेत. त्यांची काही तक्रार नाही."
मग गृहस्थांनी हळूच विचारलं, बिल्डिंगमध्ये लोक कोण कोण आहेत? म्हटलं, सगळे कामाला जाणारे. "तसं नाही हो, म्हणजे आपले किती?" मला माहीत होतं त्यांना काय हवंय. मुद्दाम मजल्यावार नावं सांगत बसलो, आडनावं वगळून. कंटाळून उठले. ओलीचंही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

दिनेश खालून परत वर आला, धापा टाकत. "काका, तुम्ही विकताय का घालवताय?"
"विचारलं तर सांगणार."
"आज विचारलंसुद्धा नव्हतं!"
तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "गुरुवारी आणत जा पार्टी. गुरुवारी यांचं मौन असतं."
ती चिडून बोलली होती. दिनेशनं खिशातून डायरी काढून लिहून घेतलं.

गुरु., २० (दिवा लावल्यानंतर)
कंपनीला गुरुवारची सुट्टी, म्हणून मौनही गुरुवारी. आमच्या वडिलांचा, आबांचा नेम. उगवतीपासून दिवेलागणीपर्यंत शब्द नाही. मीठ हवं तर बोट दाखवायचं. इतकी वर्षं पाळलं ते माझ्या मनाच्या शांतीसाठी. आज ते दिनेशच्या धंद्याला लागलं.

सलीमभाई म्हणून एक जण आले, भोसरीत टू-व्हीलरचं गॅरेज, मूळ परभणीकडचे. पस्तिशीचे. बरोबर त्यांची आई. गॅरेजच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत राहतात, म्हातारीला दमा. जिना तीनदा थांबत चढली, पण वर आल्यावर तक्रार नाही. पहिल्यांदाच कोणीतरी नळ सोडून बघितला, खिडकी उघडझाप केली, लपवलेला ड्रम हुडकून काढला. "दिवसाआड ना? आमच्याकडं बी तसंच हाय," सलीमभाई म्हणाले. एवढंच.

म्हातारी मागच्या खोलीत गेली. खिडकीबाहेर लष्कराची जागा, झाडी. तिथंच पलंगावर बसली, पाठ त्या भिंतीला टेकून. "सलीम, मैं यहीं रहूँगी. हवा देख कितनी."
मग मला काहीतरी विचारलं. मी गप्प. दिनेश घाईनं म्हणाला, "काकांचं मौन असतं गुरुवारी. फार धार्मिक माणूस."
म्हातारीनं माझ्याकडं नीट बघितलं. "जबान का रोजा? अच्छा है भैया. झूट से तो बचता आदमी."
दिनेशनं मान डोलावली. मीही डोलावली.

शुक्र., २१
सलीमभाईंनी हो म्हटलं. दोन तारखेला रविवारी टोकन. सौ.नं ताथवड्याला मुलीला फोन लावला. मुलीपेक्षा जास्त हीच बोलत होती. लिफ्टमध्ये आरसा असतो का, असं विचारत होती. तिचं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.
दिनेश पेढे घेऊन आला. खाल्ला. गोड लागला, याचीच लाज.

सोम., २४
कंपनीत लक्ष नाही. आयटीवाल्याला नाचून सांगितलं, वास्तुवाल्याला न विचारता सांगितलं. ज्यांची घृणा वाटली त्यांच्यासमोर खरं बोलणं सोपं गेलं. त्यात कसली आली सचोटी? त्यांना हाकलायचंच होतं मला.

संध्याकाळी सौ.ला सांगितलं की सलीमभाईंना ओलीचं सांगतो. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.
"दम्याची बाई आहे. ओलीच्या भिंतीला..."
"मला नाही कळत? मीपण बाईच आहे. आणि मी कुठं जाऊ?"
मी खाली पडलेले देठ गोळा करायला लागलो.
मग म्हणाली, "सांगायचंच होतं तर रंग लावायच्या आधी सांगायचं होतं. मला लिफ्ट दाखवून मग नका सांगू."

बुध., २६
महाशिवरात्र. शिफ्टवरून थेट देवळात. लांब रांग. पुढचा माणूस फोनवर कोणाशी तरी भांडत, हातात बेल. मला त्याचा राग आला आणि मग वाटलं, आपल्या हातात तरी काय आहे? रांग सोडली. भोसरीची बस धरली.

सलीमभाई एका स्कूटरचं चाक उतरवून बसले होते. मी सगळं सांगितलं. परातीएवढी ओल, रंग, दरसाल जुलै. त्यांनी हात पुसले.
"काका, हे गुरुवारी का नाय सांगितलं?"
"मौन होतं."
"भिंतीकडं बोट तर दाखवता आलं असतं ना."
आवाज चढवला नाही. मला खुर्ची दिली, चहा मागवला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. उपास होता, तरी त्या चहाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही.
"रविवारी येतो. गच्ची बघतो वर चढून," म्हणाले. टोकनचा विषय काढला नाही.

गुरु., २७
मौन पाळलं नाही. पाळण्याजोगं काही उरलं नाही. दिनेशचा फोन, दहा मिनिटं नुसती आरडाओरड. शेवटी, "काका, तुमच्यासारखी देवमाणसं धंदा बुडवतात." देवमाणूस म्हणाला, तेच जास्त झोंबलं.

रवि., २ मार्च
सलीमभाई साडेचारला आले, एकटे. गच्चीवर गेले. अर्धा तास डोक्यावर खरडल्याचा आवाज. सौ. पंख्याकडं बघत बसली होती.
खाली आले, हातभर शेवाळ. "स्लॅबला भेगा हायेत. वर पत्रा टाकावा लागेल. सोसायटी देईल परवानगी?"
"पाच वर्षं मागतोय. देत नाहीत."
चहा पुढं केला. "आज पहिला रोजा, काकी."
सौ. ओशाळली. मग सरळच विचारलं, "भाऊ, होय का नाही? मी अशी किती दिवस वर लटकू?"
ते तिच्या गुडघ्यांकडं बघत होते, आणि मला वाटतं त्यांना आपली आई दिसत होती, जी तीनदा थांबत चढली होती. "अम्मी त्याच खोलीसाठी अडून बसलीय. माझं मन होत नाय. जुम्म्यापर्यंत थांबा." ताथवडेवाला बुधवारच्या पुढं, शुक्रवारपर्यंत थांबणार नाही, हे मी बोललो नाही. ते त्यांच्या डोक्यावर कशाला.

ते निघाले. सौ.ला आठवलं, घरात खजूर आहेत, म्हातारीला द्यायला हवेत रोजा सोडायला. मी चप्पल शोधेपर्यंत डबी घेऊन हीच निघाली. गाठली तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलेली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गेला. डबी मांडीवर.
मी शेजारी बसलो.
"आता मला वर न्यायचं का खाली," ती म्हणाली, "ते ठरवा एकदाचं."