नागपूर, पट्टीने मोजलेलं

बाबा, काल नातीने मोबाइलवर जबलपूर-नागपूर काढून दाखवलं. विमान सरळ गेलं तर तासाच्या आत, गाडीने साडेचार-पाच तास. "आजोबा, इतना फरक?" म्हणाली. मी हसलो, आणि मग तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली.

लढाईचे दिवस होते. तुमची तोफांची फॅक्टरी रात्रंदिवस चालू, सुट्ट्या बंद, खिडक्यांना काळे कागद. मी कॉलेज अर्ध्यात सोडून घरात सगळ्यांवर डाफरत फिरतो आहे, कारण जिच्यावर माझा जीव होता, तिच्या रेल्वेतल्या वडिलांची बदली झाली आणि ती नागपूरला गेली. मग तिचं पत्र येतं: रविवारी चारला मला पाहायला पाहुणे येऊन राहिलेत, त्याआधी येऊन माझ्या बाबांशी बोल, नाहीतर येऊच नकोस. मी तुमच्या नकाशावर तुमचीच पट्टी ठेवली. दीडशे मैल, मित्राची मोटारसायकल, पाच तास पुष्कळ झाले. तुम्ही ड्रॉइंग ऑफिसातले, रेष केसभर चुकली तरी कागद फाडणारे. माझ्या खांद्यावरून पाहून म्हणालात, "काहून रे, कावळा आहेस का तू, सरळ उडत जायला? रस्त्यावर धागा ठेव, मंग मोज. अन् घाटाचा वेळ वेगळा धर." "तुम्हाला मला जाऊच द्यायचं नाही!" मी ओरडलो. आईची पोळी तव्यावर करपली. तुम्ही नकाशाची घडी घातलीत आणि उठलात.

रविवारी पहाटे तुम्ही डबा घेऊन निघालात, मला वाटलं ओव्हरटाइम. मी आरामात नऊला निघालो. घाटात फौजी ट्रकांची रांग आडवी आली, पण ती अर्ध्या तासात गेलीसुद्धा. सिवनीला चहाला थांबलो आणि तिथून उठवेचना. तिचे वडील विचारतील, काय करता? तर काय सांगू? दोन तास बसलो, बाबा. टपरीवाला म्हणाला, "भैया, गाड़ी बिगड़ी है कि हिम्मत?" त्याच्यावरही खेकसलो.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि तिच्या दारात तुमच्या चपला होत्या. पाहुणे पोहे खाऊन, नकार घेऊन परत गेले होते. तुम्ही तिच्या वडिलांसमोर बसून बशीतून चहा पीत होतात. तिच्या पत्रावरचा पत्ता पाहून, पहाटेच्या बसने येऊन तुम्ही सगळं बोलून घेतलं होतं: "पोरगा तापट आहे, कॉलेज सोडून बसलाय, पण फॅक्टरीत चिकटवतो मी त्याला." हे तिने मला लग्नानंतर सांगितलं. उशीर का झाला म्हणून कोणी विचारायच्या आतच मी दारातून फौजी ट्रकांची थाप मारली. "अच्छा," तुम्ही म्हणालात, "चलो, हातपाय धू." रजेविना गैरहजर राहिलात म्हणून फॅक्टरीत मेमो मिळाला. उत्तरात तुम्ही कारण लिहिलंत, मुलाची सोयरीक. त्यावर साहेब हसला की ओरडला, ते मी कधी विचारलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? ती आत मेथी निवडून राहिली आहे, तिलाही दाखवायचं नाही. तिला मी इतकी वर्षं सांगत आलोय की तुम्हाला तिथे बसलेलं पाहून मला संताप आला, माझं बोलणं तुम्ही बोललात म्हणून. खोटं आहे ते. दारात उभा होतो तेव्हा मनात एवढंच आलं: सुटलो, आता मला बोलावं लागणार नाही.