मागच्या सीटवरचा चनमल्लप्पा

सोलापूर,
ता. १४ मे, बुधवार, दुपार

अक्का,

तुज्या लंगड्या भावाचा नमस्कार. तुजं पाय धरून करायला पायजे, पन सध्या माजाच पाय दुसऱ्यांनी धरून ठिवलाय. आई बरी हाय. शेजारच्या लालबीचाचीच्या शेळीला दोन करडं झाली, त्यातलं एक दिसभर माज्या प्लास्टरला ढुशा देतंय. ऊन असलं की डांबर चपलंला चिकटून घरात येतंय.

माजा कागद बगून तू हसशील. साळंत निबंध म्हनलं की माज्या पोटात कळ यायची, आन् आज आपखुशीनं लिवतोय. फोन माज्यापाशी न्हाय. इन्शुरन्सवाल्यांनी नेला, तपासाला म्हनून. आईच्या फोनवरनं कुनाला लावला, काय बोलली, त्येबी इचारत्यात. म्हनून कुरडयांच्या डब्यात, तळाला ह्यो कागद. लालबीचाचीचा मौला उद्या टेंपोनं टमाट्याचं क्रेट घिऊन करमाळ्याला येतोय, त्यो डबा देईल. कुरडया दाजीला तळून घाल. कागद एकटी असताना वाच.

तर बातमी अशी. ठोकलेली गाडी माज्या नावावर, पायात सळई घालायचं आपरेशन राह्यलंय, आन् इन्शुरन्सवाले व्हय म्हनल्याबिगार डॉक्टर हात लावत न्हाय. म्हनून त्यांचं सगळं ऐकून घ्यायचं. त्यांचा एक मानूस येतो, पंचाक्षरी साहेब. सदा घामाघूम, मानंला रुमाल. बाजेच्या उशाला बसतो आन् इचारतो. लहानपनी फिट यायची का? आई म्हनली, "फिट न्हाय ओ, ह्याच्या अंगात खोड्या येत्यात." त्येबी लिवून घेतलं. घरात कोन कुटं झोपतं? कंच्या पोरीशी बोलतो? उजेडात पायाचा फोटू, अंधारात पायाचा फोटू.

माजे फोनमदले व्हिडिओ बगून आला तर म्हनं, "ह्यात तुम्ही दोन वर्षांपूर्वी लंगडताय." म्हनलं साहेब, ते नाटक हाय, लोकं हसायला. म्हनला, "मग हे कशावरून नाटक नाही?" आयुष्यात पैल्यांदा खरा लंगडा झालो तर कुनी मानंना.

समोरच्या चहाच्या गाड्यावर त्यांचा एक पोरगा बसवलाय, मी गुपचूप चालतो का बगायला. म्या उशीला पँट घातली, खिडकीत टांगली आन् दोरीनं नाचवली. बिचाऱ्यानं चहा सांडला फोटू काढता काढता. दुसऱ्या दिवशी पंचाक्षरी फोटू घिऊन हजर. "हा पाय कुणाचा?" म्हनलं, उशीचा. हसला न्हाय. त्यो कंदीच हसत न्हाय.

"दार डाव्या बाजूचं चेपलंय, पाय डावा मोडलाय, आणि गाडी तुम्ही चालवत होता?"

म्हनलं, व्हय, माजा डावा पाय जरा लांब हाय.

गाडी मीच चालवत होतो. पोलिसाला सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, तुला न्यायला दाजी आला त्यालाबी सांगितलं. एवढ्या बारी सांगितलंय की आता मला स्टेरिंग हातात आल्यावानी वाटतंय. ते असू दे. फुडचं वाच.

तुला सासरी सोडायला निघालो त्या दिवशीचे, मोहोळच्या अलीकडच्या टोलनाक्यावरचे फोटू त्याच्यापाशी हायत. तवर तर मीच चालवत होतो, तू शेजारी. पन त्यो म्हनतो, "मागच्या सीटवर कोण?" म्हनलं गठुडं हाय, अक्काचं अंथरून-पांघरून, चादरीत बांधलेलं. म्हनला, "गाठोडं मान वळवत नाही, सिद्धाराम. एका फोटोत ते पुढं बघतंय. दुसऱ्यात कॅमेऱ्याकडं." मला दाखवलं तर नुसतं काळं ढेकूळ. पन येईल तवा तेच. मागं कोण होतं, मागं कोण होतं. जेवतानाबी तेच.

मग माजं डोस्कं सटाकलं. म्हनलं, मानूस पायजे ना, घे मानूस. "सांगतो साहेब. म्हातारा होता, चनमल्लप्पा नावाचा. गाव अक्कलकोटच्या खालतं. टेंभुर्नीला जायचं म्हनून हात केला, बसवला मागं. अंगावर घोंगडं, डाव्या हाताला करंगळी न्हाय, निम्मं कानडी बोलतो. गाडी ठोकल्यावर उठला आन् गेला."

आतनं आईचा हसू दाबल्याचा आवाज. पंचाक्षरीनं समदं लिवून घेतलं. मनातल्या मनात म्या म्हाताऱ्याला एक करकरनारी वहानबी दिलीवती, पन ती सांगायची राह्यली. म्हनलं, बस आता जन्मभर हुडकत.

सोमवारी भर दुपारी लाईट गेलेली. गल्लीत कुत्रंबी न्हाय. दारात पंचाक्षरी.

"सापडला तुमचा माणूस."

"कोन?"

"चनमल्लप्पा."

आन् त्याच्या मागनं, अक्का, वहान करकरली.

म्हातारा आत आला. घोंगडं पांघरलेलं. पंचाक्षरीचा शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, म्हाताऱ्याच्या कपाळाला घामाचा टिपूस न्हाय. माज्या बाजेच्या पायथ्याला बसला. आपली बाज तुला म्हाईत हाय, मांजर चढलं तरी बोंबलती. त्यो बसला तर गप.

मला आधी हसूच आलं. म्हनलं, खोड्या काढनाऱ्याची कुनीतरी खोडी काढतंय. "लई भारी साहेब. कुटल्या नाटकातनं आनला?"

पंचाक्षरी म्हनला, "मी नाही आणला. तेच ऑफिसात आले. म्हणाले, माझं नाव कुणीतरी घेतलंय."

आई पानी घिऊन आली. म्हाताऱ्यानं तांब्या डाव्या हातात घेतला. अंगठा आन् तीन बोटं. आई म्हनली, "कुटनं आलासा, बाबा?"

"ह्यांच्या गाडीतनं," त्यो म्हनला. "अजून उतरलो न्हाय."

तेवढ्यात पंचाक्षरीचा फोन वाजला, त्यो बाहीर लिंबाखाली गेला. म्हातारा माज्याकडं वळला. डोळं म्हाताऱ्याचे वाटत न्हायत, अक्का. ओल्या दगडावानी हायत.

"तम्मा," म्हनला, "नाव घिऊन बसवलास. आता उतरव."

"म्या कुटं बसवलं? म्या गंमत केली."

"बसवलास की."

"मग उतरा ना. दार उघडं हाय."

"खरं बोलल्याबिगार उतरता येत न्हाय. गाडी तंगी चालवत होती."

तंगी म्हंजे तू. तिकडं पोरीला तसंच म्हनत्यात, पोराला तम्मा. आई दाराला धरून उभी. म्हातारा हळू बोलत होता, झोपल्या लेकराशेजारी बोलत्यात तसा.

"रस्ता सरळ होता. समोरनं ट्रक. तंगीनं चाकावरनं दोनी हात काढले आन् मांडीवर ठिवले. डोळं मिटले न्हाईत. मी म्हनलं, ब्याड तंगी. आयकलं न्हाय. मग म्या हात धरला आन् चाक फिरवलं."

ब्याड म्हंजे नको, एवढं कानडी मला येतं.

अक्का, ही गोष्ट म्या कुनाला सांगितली न्हाय. आईला न्हाय, मौलाला न्हाय, सोताला सुदीक न्हाय. मोहोळ सोडल्यावर तू म्हनलीस, सिद्या, जरा मला दे की. म्या दिली. मैदानात मीच शिकिवलीवती तुला, लायसन नसंना का. मग मी फोनवर गेम खेळत बसलो. मोडनिंबच्या फुडं सहज मान वर केली तर तुजे हात मांडीवर. देवापुढं बसल्यावानी. आन् ट्रक एवढा मोटा. मग गाडी गपकन डावीकडं वळली, रस्त्याकडंच्या चारीत गेली, झाडाला लागली. तवापास्नं मी म्हनत होतो, म्याच ऐनवेळी स्टेरिंग वढलं. कसं वढीन? माज्या दोनी हातात फोन होता. आन् तुजे हात तर...

दवाखान्यात तुला सुई देताना बांगड्या वर सरकावल्या तवा म्या तुजं मनगट बगितलं. काळंनिळं. कुनीतरी घट्ट धरल्यावानी. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला तीन बोटं. तीनच. तू पदर वढून घेतलास.

पंचाक्षरी आत आला आन् म्हातारा गप झाला. "ह्यांनी मला एवढंच सांगितलंय की ते मागं होते," पंचाक्षरी म्हनला. "बाकीचं तुमच्या बहिणीसमोर सांगणार म्हणतात. शुक्रवारी करमाळ्याला जातोय. तिचा जबाब, तिच्या नवऱ्यासमोर." म्हातारा उठला. जाताना माज्या प्लास्टरवर हात ठिवला. त्या उन्हात त्यो हात गार होता, आन् पाय पैल्यांदा दुखायचा थांबला. मला त्याचंच लई भ्या वाटलं.

गेल्यावर म्या लालबीचाचीला हाक मारली. ती दिसभर दारातच असती, करडं राखत. म्हनलं, चाची, त्यो म्हातारा बगितला का आत्ता?

"वो बुड्डा?" चाची म्हनली. "वो तो पैले दिन से आता, रे. साब के पीछे गाडी पे बैठा रहता. आज पैली बार उतरके अंदर आया."

पैल्या दिवसापास्नं, अक्का. म्या त्याचं नाव काढायच्या लई आधीपास्नं.

आई तवापास्नं चुलीपाशी बसून राह्यली. काल एकदाच म्हनली, "त्या दिवशी ती जायला तयार नव्हती. म्याच तिला गाडीत बसवली." आन् आज सकाळी उठून डबा तिनंच भरला. म्हनली, "कागदात लिव, ये म्हनावं. किती दिस राहती, कोन काय म्हनतंय, ते मी बगते." आईनं हे म्हनलंय. मी माज्या मनचं लिवत न्हाय, तुला खरं वाटत नसंल तर मौलाला इचार, त्याच्यासमोर म्हनली.

तितं तुज्यासंगं काय होतंय ते तू सांगितलं न्हाईस आन् आमी इचारलं न्हाय. दोन म्हैने तू हितं होतीस. मी खोड्या काढायचो, तू हसायचीस, मला वाटायचं बरं चाललंय. आता आठवतंय, तू हसताना दाराकडं बगायचीस.

म्या लई जनाला भ्या घातलंय आजवर. पांढरं धोतर घिऊन, मडकं डोक्यावर घिऊन. म्हनून सांगतो, मला त्या म्हाताऱ्याचं भ्या वाटतंय, व्हय, वाटतंय. पन तुज्या मांडीवरच्या हातांचं त्याच्यापरीस जास्त वाटतंय.

शुक्रवारी ते तिकडं येनार. दाजीसमोर म्हातारा बोलला तर फुडं तुजं काय होईल ते तुला म्हाईत. माज्या पायाचं काय व्हायचं ते होऊ दे. मला काठी घिऊन चालायची हौस हायच, लोकांच्या पायात घालायला बरी. म्हनून उद्याच. मौला डबा दिऊन बाजार समितीत माल उतरवील आन् मग टेंपो कमळाभवानीच्या पायऱ्यांपाशी लावील. उन्हं कलंपर्यंत थांबंल. सासूला सांग, दर्शनाला जाते. पिशवी घिऊ नको, नेसत्या साडीवर नीग. टेंपोत मौलाच्या शेजारी बस. वाटंत काय बोलू नको वाटलं तर बोलू नको, मौलाला कमी बोललेलं चालतं, त्यो टेपवर गानी लावतो.

हितं आलीस की मला एकट्याला सांग. हात का काढलेस ते. सगळं न्हाय तर निम्मं सांग. मग म्हातारा उतरतो का ते बगू. न्हाय उतरला तर बसू दे. त्यानं माज्या बहिनीचा हात धरलाय, मी त्याला रोज चहा देईन.

मौलाकडं उत्तर लिवून पाठवू नको. तूच ये.

कुनीबी इचारलं तरी गाडी मीच चालवत होतो म्हननारा,
उद्या सांजंला दारात बसून टेंपोची वाट बगनारा,

तुजा सिद्या