लंब्याचा नवा मित्र

४ मार्च, बुधवार
लंब्याचा मेसेज. शनिवार-रविवार ट्रिप. डोंगरातल्या एका गावात ब्रुअरी आहे, बिअर कशी बनते ते आत नेऊन दाखवतात. चौघं जाणार. लंब्या, शाळेपासूनचा आमचा मास्तर (आता खरंच शाळेत गणित शिकवतो), मी, आणि तो फिजिओ.

फिजिओ कशाला? लंब्याचा गुडघा त्यानं बरा केला, मान्य. पण मी चष्मे विकतो म्हणून गिऱ्हाइकांबरोबर सहलीला जात नाही. लंब्याची नि माझी दोस्ती पहिलीच्या वर्गापासूनची. याची सहा महिन्यांची, तीही गुडघ्यापुरती.

मला हेवा वगैरे अजिबात वाटत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

५ मार्च, गुरुवार
सगळं ठरवून टाकलं. गाडी माझी. लंब्या पुढे, माझ्या शेजारी. फिजिओ मागे, मास्तरजवळ. मास्तर प्रवासात झोपतो आणि झोपला की शेजाऱ्यावर कलंडतो. फिजिओनं तेवढा वेळ मास्तरची मान सांभाळावी, त्याचा धंदाच आहे तो.

शिवाय बिअरचा अभ्यास सुरू केला. ही म्हणाली, तुम्हाला बिअर आवडत नाही. म्हटलं, आवडीचा आणि अभ्यासाचा काय संबंध. दुपारी एक गृहस्थ डोळे तपासायला आले. ते तक्त्यावरची अक्षरं वाचत होते, मी मोबाइलवर यीस्टबद्दल वाचत होतो. शेवटची ओळ त्यांनी काय वाचली देव जाणे. मी ‘उत्तम’ म्हणालो.

७ मार्च, शनिवार, सकाळी
गाडी चालू होईना. काल गाडीत बसून लंब्याच्या आवडीची गाणी निवडत होतो, तेव्हा आतला दिवा चालू राहिला. बॅटरी झोपली. मी बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो. आत बघून मला काही कळत नाही, पण तसं दिसू नये इतपत जमतं.

फिजिओ त्याची गाडी घेऊन आला. लंब्या आधीच पुढच्या सीटवर, पाय लांब करून. म्हणे गुडघ्याला बरं पडतं. हे लिहितोय तेव्हा मास्तरचं डोकं माझ्या खांद्यावर आहे.

शनिवार, दुपारी
पंपावर थांबलो. फिजिओ सगळ्यांसाठी चहा आणायला गेला. त्याच्यावर जरा उपकार करावेत म्हणून मी टाकी फुल करून घेतली. पेट्रोलनं. गाडी डिझेलची निघाली. मास्तर म्हणतो, झाकणावर स्पष्ट लिहिलंय. अक्षर बारीक होतं.

फिजिओ चिडला असता तर बरं झालं असतं, लंब्याला त्याचा खरा स्वभाव कळला असता. पण तो एवढंच म्हणाला, होतं असं, इंजिन चालू करायच्या आत कळलं ते बरं झालं. लोक सभ्यपणाचा किती फायदा घेतात.

मेकॅनिक येऊन टाकी रिकामी करेपर्यंत ते दोघं कठड्यावर बसून हसत होते. मी जवळ गेलो तर लंब्या गप्प झाला. काय चाललंय, विचारलं. म्हणाला, काही नाही रे.

शनिवार, संध्याकाळी
हॉटेलात दोन खोल्या. मी माझी बॅग लंब्याच्या खोलीत ठेवून आलो. खाली चक्कर मारून परत येतो तर ती मास्तरच्या पलंगावर. लंब्याला म्हणे झोपायच्या आधी फिजिओकडून व्यायाम करून घ्यायचेत. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येतोय. गुडघ्याचे व्यायाम इतके विनोदी असतात हे माहीत नव्हतं.

उद्या ब्रुअरी. तिथं मी आहे आणि ते आहेत.

८ मार्च, रविवार
डोक्याला जाळीच्या टोप्या घालून आत गेलो. माणसाच्या तिप्पट उंच टाक्या, ओली फरशी, भिजल्या धान्याचा गरम वास. माहिती द्यायला एक बाई होत्या. त्यांनी एक वाक्य सांगायचं आणि मी पुढचं पूर्ण करायचं, असं चाललं होतं. थोड्या वेळानं त्या वाक्यं अर्धीच सोडायला लागल्या. मला वाटलं, आदरानं.

शेवटी चव घ्यायला चार छोटे ग्लास. मी म्हटलं, सांगू नका, मी ओळखतो. पहिले तीन जेमतेम जमले. चौथ्याला जास्त वेळ घेतला. म्हटलं, यात हॉप्सच्या फुलांचा सौम्य कडवटपणा आहे आणि मागाहून जरा धुराची छटा येते.

बाई म्हणाल्या, हा सफरचंदाचा रस आहे, गाडी चालवणाऱ्यांसाठी ठेवतो.

मास्तरला ठसका लागला. लंब्या रेलिंग धरून हसला. फिजिओ तेवढा हसला नाही. म्हणाला, रंग सारखाच दिसतो, माझाही घोटाळा झाला असता. त्याचा घोटाळा कसा होईल? तो रस त्याच्यासाठीच तर होता.

बाहेर आल्यावर मी लंब्याला समजावत होतो की सफरचंदातही एक प्रकारचा कडवटपणा असतो. तो ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “तुला प्रत्येक ठिकाणी पहिला नंबरच का लागतो रे?” या वेळी तो हसत नव्हता.

परत येताना फिजिओनं मला पुढे बसवलं. लंब्या मागे पाय पसरून झोपला. संपूर्ण रस्ता पुढची सीट माझी होती आणि मी मैलाचे दगड मोजत आलो.

९ मार्च, सोमवार
मास्तर दुकानात आला, चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून. स्क्रू घट्ट करता करता मी सहज म्हटलं, चांगली झाली ना ट्रिप, फक्त तो फिजिओ नसता तर आपण तिघं जुने मित्र मजेत गेलो असतो.

मास्तर म्हणाला, “तो नसता तर तू नसतास.”

म्हणजे काय, विचारलं. मग त्याला सांगावंच लागलं. लंब्यानं मला सोडून तिघांचीच ट्रिप ठरवली होती. फिजिओ म्हणाला, तुमचा तो चष्मेवाला मित्र, त्याला वाईट वाटेल, त्यालाही घेऊ.

यावर लंब्या काय म्हणाला, मी विचारलं.

“म्हणाला, बरं.”

दांडी घट्ट झाली होती. तरी मी बराच वेळ पिळत राहिलो. मास्तर म्हणाला, तुटेल.

१० मार्च, मंगळवार
लंब्याशी संबंध कमी करायचे. आपणहून फोन करायचा नाही. त्याला उणीव भासू दे.

१४ मार्च, शनिवार
भासलेली दिसत नाही.

१५ मार्च, रविवार
संध्याकाळी फिजिओचा फोन. आधी बॅटरीची चौकशी केली. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात समुद्रावर जायचं चाललंय, अजून नक्की नाही, पण तुमचं नाव घालू का?

ताडकन नाही म्हणणार होतो. म्हटलं, घाला.

फोन ठेवल्यावर हिनं विचारलं, कोणाचा होता.

म्हटलं, मित्राचा.