मॉनिटरला हात लावू नये

३ तारीख, सोमवार. सकाळी ९.
पाय प्लास्टरमध्ये. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत वीस वर्षं तक्रार खात्यात राबणारा माणूस जिन्यावरून पडला, म्हणून ऑफिसात खो-खो हसले म्हणे. हसा लेको! आजपासून घरून काम. ब्राउझर उघडायचा, पासवर्ड टाकायचा, की माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर इथे हजर. कॉम्प्युटरवाला फोनवर काहीतरी समजावत बसला होता. म्हटलं, बाबा रे, तू शाळेत होतास तेव्हापासून वापरतोय मी. ठेवून दिला फोन.
संकल्प : रोजनिशी लिहायची, तीही ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर. घरच्यावर ठेवली की ही वाचते. तिथे कोण बघायला येतंय?

४ तारीख.
शुक्रवारी दुपारी बारा वाजता साहेब नवा खातेप्रमुख ठरवणार. माझ्याशिवाय आहे कोण? शेजारच्या टेबलावरची बाई? तिला फोनवर हॅलो म्हणायलासुद्धा परवानगी लागते.

५ तारीख. दुपारी २.
ऐन कामात कनेक्शन तुटलं. चौकशी केली, तर त्या बाईने माझा मॉनिटर बंद केलेला! झाडलं चांगलं. ‘मॉनिटर चालू ठेवावा, हात लावू नये’ अशी ठळक चिठ्ठी तिलाच चिकटवायला लावली. ‘पण दादा, मग तुमचं सगळं…’ म्हणत होती. म्हटलं, मग-बिग काही नाही.

दुपारी ३.
इस्त्रीसाठी हिने राउटरचा प्लग काढला होता म्हणे. असेल. चिठ्ठी मात्र राहू दे. शिस्त हवीच.

६ तारीख.
तक्रारी निकालात : एक. पत्त्यांचे डाव : अकरा. डोकं ताजं ठेवावं लागतं. साहेबांचं काय सांगावं! बंद पडलेली लिफ्ट. दार उघडतं, मिटतं, माणूस तिथल्या तिथेच.
बाईचा फोन. दादा, विश्रांती घ्या, काही लिहूबिहू नका, म्हणाली. जळतेय मेली.

७ तारीख, शुक्रवार. ११.४०.
खुर्ची मिळाली की पहिलं काम, त्या बाईला जिन्याखालच्या खोलीत बसवायचं. दुसरं, कॉम्प्युटरवाल्याला
दादा थांबा मी शेजारच्या टेबलावरची, तुमच्या कीबोर्डवर लिहितेय. तुम्ही घरी जे करता ते सगळं इथे स्क्रीनवर दिसतं. सोमवारपासून. मी मॉनिटर बंद केलाही होता पण मग तुमची चिठ्ठी. साहेब मागे उभे आहेत. लिफ्टचं त्यांनी दोनदा वाचलं.

१० तारीख, सोमवार.
हिच्या जुन्या वहीत, पेन्सिलीने.
नऊच्या ठोक्याला नव्या खातेप्रमुखांचा फोन आला. खणखणीत हॅलो म्हणाल्या, कुणालाही न विचारता.
मी म्हटलं, बोला मॅडम.