बेडकाला माझं नाव

३ एप्रिल १८९३
उद्यापासून रोज पहाटे पाचला रानात. निश्चय पक्का. निलगिरीतली सगळी सृष्टी माझी वाट पाहते आहे आणि मी अंथरुणात चहा पिते आहे, हे लॉर्डाच्या मुलीला शोभत नाही. खुर्ची उचलणाऱ्या भोयांना सांगून ठेवलं. जादा उशीचंही सांगितलं.

४ एप्रिल
धुकं होतं. धुक्यात निसर्गाला त्रास देऊ नये.

५ एप्रिल
गेले. साडेदहाला. खुर्चीतून उतरावं असं काही दिसलं नाही. परतताना ओढ्यात मिसेस टपर दिसली, रस्त्यांच्या इंजिनियरची बायको. नवऱ्याचे बूट घालून गुडघाभर पाण्यात उभी, डोक्याला हॅट नाही, हातात पिठाची चाळणी. तिथूनच ओरडली, की लेडी ऑगस्टा, या ना, पाणी काय गार आहे! हिच्या वडिलांचं ब्रिस्टलला मेणबत्त्यांचं दुकान होतं म्हणतात. चालायचंच.

९ एप्रिल
शोध लागला! अंगठ्याएवढा बेडूक, पोट पिवळं, पाठीवर तांबडी रेघ. माझ्या एकाही पुस्तकात नाही. न्हाणीघरात मोरीच्या भोकातून आला. मी टबात होते. किंचाळले नाही, आनंदाचा उद्गार काढला. तो ऐकून आमचा बटलर सवरीमुत्तू बंदूक घेऊन दाराशी आला. टिपणात मी ‘दुर्गम दरी’ असं लिहिलं आहे. मोरीचं पाणी शेवटी दरीतच जातं.

नवऱ्याला, कथबर्टला दाखवला. कलेक्टर असून जिल्ह्यातलं याला काही कळत नाही. म्हणाला, गस्सी, बेडूक आहे हा. मी म्हटलं, बेडूक नाही, माझं नाव आहे. वडिलांची इस्टेट भावाला गेली. आम्हांला मूल नाही. माझ्यामागे कुणी ‘ऑगस्टा’ म्हणणार असेल, तर या बेडकामुळेच.

२० एप्रिल
लंडनच्या एका म्युझियमचे मिस्टर पिल्चर इथे येत आहेत. नव्या प्राण्यांना नावं द्यायचं कामच त्यांचं. सोमवारी जेवायला बोलावलं. बेडूक उंची ब्रँडीत ठेवला आहे. कथबर्टची साधी ब्रँडीही होती, पण बरं दिसलं नसतं.

२५ एप्रिल, सकाळ
जेवण थाटात झालं. अडचण एकच. पिल्चर नुसते मिस्टर. हुद्दा नाही, पदक नाही, सासुरवाडीसुद्धा सांगण्यासारखी नाही. सवरीमुत्तू विचारत होता, पाहुणेसाहेबांना बाईसाहेबांच्या शेजारी बसवू का? म्हटलं, वेड लागलं का? उजवीकडे ब्रिगेडियर, डावीकडे जज्ज. मानपान म्हणजे मानपान. तेही सोडलं तर आपण हिंदुस्थानात करतो काय? पिल्चर गेले टेबलाच्या टोकाला, टपरबाईच्या शेजारी. तिथे सूप गार होऊनच पोहोचतं.

म्हटलं, जेवणानंतर बोलू. तर ब्रिगेडियरने घोड्याच्या गुडघ्याची हकीकत काढली. अर्धी सुपाच्या वेळीच झाली होती. मोठ्या हुद्द्याचा माणूस बोलत असताना उठता येत नाही. कोपऱ्यात टपरबाई हातवारे करत होती आणि पिल्चर माना डोलवत होते. बिचारे. निघताना त्यांच्या हातात बाटली दिली. वर मोठ्या अक्षरांत ‘ऑगस्टा’. तेवढ्यात समजायचं ते समजतं.

२ मे
पिल्चर रोज टपरबाईबरोबर ओढ्यात उतरतात म्हणे. सज्जन माणूस. तिला वाईट वाटू नये म्हणून जात असणार. कथबर्ट म्हणाला, गस्सी, तूही जा की एकदा. मी विचारलं, पाण्यात आधी कुणी उतरायचं हे कोण ठरवणार?

१० मे
पिल्चर आता परत जाणार. परवा निरोपाचं जेवण. टेबलावरच काहीतरी जाहीर करणार आहेत! विज्ञानासाठी मी मोठा त्याग करते आहे. या खेपेला पिल्चर माझ्या उजवीकडे. ब्रिगेडियरची बायको फणकारली, मग आम्ही काय पायरीवर बसून जेवायचं? बसा म्हणावं. भाषण तयार आहे. सुरुवात अशी: ‘मी तर केवळ निमित्त.’ आरशासमोर लाजून पाहिलं. छान जमतं.

१३ मे
पिल्चर पेला घेऊन उठले. म्हणाले, बेडूक खरोखरच नवा आहे. मी लाजले. म्हणाले, मिसेस टपर याला दोन वर्षं पाहत आहेत. अंडी कुठे घालतो, ओरडतो कसा, सगळं त्यांनी मला पहिल्या जेवणातच सांगितलं. आमच्या खुर्च्या शेजारी लावल्याबद्दल लेडी ऑगस्टांचा मी जन्माचा ऋणी आहे. तेव्हा बेडकाला नाव मिसेस टपर यांचं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्हांला बरा विसरेन! तुमचा बाटलीतला बेडूक मी चिरला. आतड्यात एक जंत निघाला, आजवर कुणी न पाहिलेला. त्याला ‘ऑगस्टा’.

कथबर्ट नॅपकिन तोंडाशी धरून बसला. टपरबाईने मात्र धावत येऊन माझा हात धरला. म्हणाली, किती बरं झालं, आता आपली नावं कायमची जोडीने! तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्याचा मला जास्त राग आला. मलाही रडू येत होतं. पण यजमानीण उठली की रीतीप्रमाणे सगळ्या बायकांना उठावं लागतं आणि पुडिंग यायचं होतं. बसून राहिले.

१४ मे
पहाटे पाचला जाग आली. धुकं नव्हतं. उठले नाही. पडल्या पडल्या क्रम लावून पाहिला. आधी ब्रिगेडियर, मग जज्ज, मग कलेक्टर. पार खाली रस्त्यांचा इंजिनियर. त्याच्या मागे त्याची बायको. आणि मी तिच्या पोटात.