मिथरलेली म्हैस

५ ऑक्टो. १९५३
ह्या घरात शब्दब्रह्माची विटंबना झाली, हे सखेद नमूद करतो. माझ्या शब्दवहीत ‘कडुसं’च्या खाली हिने धोब्याचे कपडे टिपले आहेत. धोतरे ४, पंचे २. विचारले तर म्हणते, “अहो, तुमचे शब्द कुणी धुवायला नेत नाही. जागा मोकळी होती.”
जागा खरेच मोकळी होती.

७ ऑक्टो.
सकाळी गंगावेशीत, दूधकट्ट्यावर, ताज्या धारेचे दूध आणायला. हौसाक्काची म्हैस धार देईना. हौसाक्का म्हणाली, “आज मिथरलीया.” नवा शब्द! भांडे रिकामे, पण वही भरली.
मिथरणे : सं. मिथ्या. दूध असून नसल्याचा आव आणणे. म्हशीला वेदान्त येतो! गोष्टीचे पहिले वाक्य मिळाले.

१२ ऑक्टो.
गोष्ट पुण्याच्या मासिकाला रवाना. तळटिपेसह.

२८ ऑक्टो.
संपादकांचे पत्र. ‘कडुसं पडलं’ ग्राम्य, म्हणून ‘संध्यासमय झाला’. ‘वाफसा’च्या जागी ‘भूमीची आर्द्रता’. ‘मिथरली’ मात्र ‘अत्यंत मार्मिक’, व्युत्पत्तीसकट ठेवणार.
वाफसा म्हणजे पाऊस उघडल्यावर जमीन पेरायला बरोबर होणे. तुमच्या आर्द्रतेत पेरले तर बी कुजेल, गृहस्थहो.
उलट टपाली कळवले : तिन्ही शब्द राहतील, नाहीतर गोष्ट परत. दहा वर्षे बातम्यांत ‘समारंभ संपन्न झाला’ लिहीत आलो. ते वर्तमानपत्राचे. गोष्ट माझी आहे.

३१ ऑक्टो.
कट्ट्यावर हौसाक्काला तिचे वाक्य ऐटीत वाचून दाखवले. धार सोडून हसत बसली.
“अवो तात्या, मिथरली कुटलं? बिथरली म्हनलं की मी! कुत्रं आलतं न्हवं मागनं!”
सगळा कट्टा हसला. मीही. जरा उशिराने.
घरी सांगितले. ही हसली नाही. “वर्ष झालं सांगतेय, तुम्हाला ऐकू येत नाही.”
मी समजत होतो, ती तक्रार स्वभावाबद्दल आहे.

१ नोव्हें.
संपादकांना कार्ड : ‘मिथरली’ खोडा, ‘बिथरली’ घाला. तळटीप रद्द, चूक माझी. ‘कडुसं’ आणि ‘वाफसा’ हलणार नाहीत. आपल्याला आवडला तो एकच शब्द खोटा निघाला, हेही लिहिले. लिहायला नको होते. पण बरे वाटले.

६ नोव्हें.
पुण्याचे उत्तर नाही.
पहिली वही घेऊन हौसाक्काजवळ बसलो. एकेक शब्द वाचला.
“ह्यो हाय. ह्योबी हाय की. ह्यो… ह्यो कुनाचा वो?”
अशा आणखी सहा वह्या. तपासणार. सगळ्या.
बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायची सवय कधी लागली, आठवत नाही. ओठांवर ‘ब’ आणि ‘म’ सारखेच दिसतात.
गोष्ट परत आली तर येऊ दे. ऐकू कमी येते आहे, ही काळजी आहे. शब्द आणायला मला कानांखेरीज दुसरी वाट नाही.