परत आलेला लायनर

३ जून

चि. मोजपट्टीस,

दादाचे अ. उ. आ. आणि लांबूनच एक टपली.

मला पत्र लिहायचा किती कंटाळा आहे ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितोय, म्हणजे गरज माझी आहे हे तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. विषय अर्थातच म्हातारा.

वर्कशॉपात होनिंगचं नवं मशीन येऊन दोन महिने झाले. सिलिंडर बांधायचा, बटण दाबायचं, दगड आपले आपण वरखाली फिरतात आणि आतली भिंत घासून तयार. बाबांनी पहिल्या दिवशी मशीनभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांदेखत विचारलं, याची अक्कल तुझ्याइतकीच आहे की थोडी जास्त. तेव्हापासून कोपऱ्यातल्या टेबलावर ड्रिलला दगड लावून हातानेच घासत बसतात. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन नको, कारण डॉक्टरचे हात पसंत पडले नाहीत. दिवसभरात एक लायनर, सिलिंडरच्या आतली एक नळी, होतो. वर गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर माझं काम अंगठ्याने चाचपतात आणि तोंड वाकडं करतात. पन्नाशीला टेकलो मी, अजून यांचा नालायक कार्टाच आहे.

तू त्यांना घेऊन जा. लेकीचं घर, मोकळी हवा, असं काहीतरी गोडगोड लिहून बोलावून घे. तुझं ते ऐकतात, म्हणजे निदान ऐकताना शिव्या देत नाहीत.

लोभ आहेच, आता तो कामाला लाव.

तुझा दादा

९ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. टपली पोचली.

माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत आम्ही स्वयंपाक करतो, जेवतो आणि भांडतो. दुसरीत हे दिवसा झोपतात, कारण यांची कायम रात्रपाळी. बाबांचं साधं खाकरणंही गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. लग्नाला अकरा वर्षं झाली, आता कुठे मला घरात शांतपणे एक कप चहा प्यायला मिळतोय. तेव्हा हे माझ्या गळ्यात घालू नकोस, मी स्पष्टच सांगते.

शिवाय त्यांना त्या टेबलावरून उठवणार कोण? तू नाही, मी नाही. त्यांना उठवील तो त्यांचाच कायदा. ज्याच्या हातचं काम धूर काढत परत आलं, त्याने दगड खाली ठेवायचे. काकांचं आलं, तर सख्ख्या भावाला हाकललं, ते पुन्हा फिरकले नाहीत. तुझं आलं, तर बाविसाव्या वर्षी तुला तीन वर्षं लोकांच्या इंजिनांचे ब्लॉक धुवायला बसवलं. बाबांचं परत आलं, तर ते स्वतःच उठतील, कुणी सांगायलाही नको. पण पन्नास वर्षांत त्यांचं एकही आलेलं नाही. तेव्हा बस वाट बघत!

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, आणि रागावलास तरी माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी मोजपट्टी

२८ जून

चि. मोजपट्टीस,

बापाचे आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी.

तुमच्या कारखान्यात तू दिवसभर सुई फिरवून लोखंडावरचे डोंगर-दऱ्या मोजतेस म्हणे. बरं आहे, दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो. मी ते पन्नास वर्षं फुकट करत आलो.

नदीवरच्या लाँचचं इंजिन आलं होतं, दोन सिलिंडरचं. तीन दिवस लागले. तुझा भाऊ भिंत आरशासारखी करायला बघतो. त्याला हजारदा सांगितलं, अरे गाढवा, त्यात कुणाला भांग पाडायचा नाहीये! भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी हवी, एकमेकींना छेदणारी. जाळीत ऑइल धरलं जातं, पिस्टनच्या रिंगा बसतात. आरशावर ऑइल ठरत नाही, रिंगा बसत नाहीत, मग इंजिन ऑइल पितं आणि निळा धूर ओकतं. ऐकून घेतो आणि पुन्हा तेच करतो. डोकं त्याच्या आईवर गेलंय, आणि ती बिचारी आता उत्तर द्यायला नाही.

काल मात्र सूर्य कुठल्या दिशेला उगवला होता कोण जाणे. दोन्ही लायनर झाले, माझा तीन ठिपक्यांचा ठसा मारला, तर हा म्हणतो, बाबा, तुम्ही जेवून या, साबणपाण्याने मी धुतो. तीस वर्षांत प्रथमच. मी सावकाश जेवलो. त्याला म्हणालो नाही, पण बरं वाटलं. तूही त्याला कळवू नकोस, चढून बसेल.

डोळ्यांचं विचारू नकोस. अंगठा शाबूत आहे.

सुखात राहा, आणि म्हाताऱ्याला विसरायचंच असेल तर हळूहळू विसर.

बाबा

२० जुलै

चि. मोजपट्टीस,

अ. उ. आ. आज टपली नाही, खुशीत आहे.

लाँच परत आली. नदीच्या मधोमध निळा धूर, उतारू खोकून बेजार, ऑइल पाण्यासारखं प्यायली. मालकाने इंजिन उघडून दोन्ही लायनर आणून बाबांच्या टेबलावर आदळले. वर तीन ठिपके. सगळं वर्कशॉप हातातलं काम टाकून बघत होतं, मीही कुणाला कामाला लागा म्हटलं नाही.

बाबांनी वरच्या तोंडातून आत अंगठा फिरवला. काच. पुन्हा फिरवला. मी अगदी हळू आवाजात विचारलं, कुठले दगड लावले होते बाबा? बारीक दगडांचा डबा त्या दिवशी तुमच्याच टेबलावर उघडा होता. लाँचवाला हसला, म्हणाला आजोबांना आता घरी नातवंडं खेळवू द्या. हसणाऱ्याला मी थांबवलं नाही. बाबांनी एप्रन काढला, दगड डब्यात भरले आणि डबा माझ्या हातात दिला. मी एवढंच म्हणालो की कायदा आहे, माझ्या हातात काही नाही. वाक्य त्यांचंच, सत्तावीस वर्षांपूर्वीचं. मी ते जपून ठेवलं होतं.

तेव्हापासून घरी ओट्यावर बसून असतात. शिव्याही देत नाहीत. फक्त एकच धोशा लावलाय की लायनर पोरीकडे पाठव, तिची सुई काय म्हणते ते मला कळू दे. म्हणून एक लायनर पार्सलने पाठवतोय. तू बघितल्यासारखं कर आणि एका ओळीत लिहून टाक.

लोभ दुप्पट झालाय, सांभाळून ठेव.

तुझा दादा

२ ऑगस्ट

दादा,

आज सा. न. नाही.

मी लायनर बघितल्यासारखं केलं नाही, बघितला. आधी तीन ठिकाणी सुई फिरवली, मग दहा ठिकाणी. वरचा सगळा भाग गुळगुळीत आहे आणि त्याच्यावरच्या बारीक रेघा एकाच कोनात, शेवटपर्यंत एकाच कोनात. माणसाचा हात दमतो, कोन थोडा तरी हलतो. हा हलत नाही. हे मशीन आहे.

आणि खालच्या कडेला बोटभर पट्टा उरलाय. तू दगडांचा स्ट्रोक, त्यांचा वरखाली जायचा पल्ला, आखूड लावलास, नेहमीसारखा घाईत, तुझे दगड तिथवर पोचलेच नाहीत. त्या पट्ट्यात बाबांची जाळी जशीच्या तशी आहे. इतकी नेटकी की आमच्या सुपरवायझरने विचारलं, ही कुठल्या मशीनची. बाबांनी बारीक दगड लावला असता तर खालच्या कडेपर्यंत सगळंच गुळगुळीत झालं असतं. एवढं तुला कळायला हवं होतं. लाज कशी वाटली नाही रे? त्यांनी तुला तीन वर्षं ब्लॉक धुवायला लावले ते वाईटच केलं, पण ते काम खरंच तुझ्या हातचं होतं.

आठ दिवस देते. तू स्वतः बाबांसमोर बसून सांग. नाहीतर मी लिहीन.

मोजपट्टी

८ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,

तू न घातलेला नमस्कार पोचला, माझे अ. उ. आ. घेच.

हो, मी केलं. ते जेवायला गेले तेवढ्यात, वीस मिनिटांत. आणि बाईसाहेब, युक्ती कुणाची? तुझं ९ जूनचं पत्र माझ्या खणात आहे. मला हे आपणहून सुचलं नसतं, माझं डोकं आईवर गेलंय ना.

लिही खुशाल. पण पुढचं नीट वाच. तू लिहिलंस तर कायद्याप्रमाणे दगड मी खाली ठेवायचे. मी ठेवीन, आणि मशीन, तुझी वहिनी, पोरं घेऊन दुसऱ्या गावी जाईन, तिथे मला कारखान्यात बोलावणं आहे. बाबांना ड्रिलचा खटकासुद्धा धड दिसत नाही, ते एकट्याने वर्कशॉप चालवणार नाहीत. शटर पडेल. मग त्यांना जायला एकच घर उरतं. दोन खोल्यांचं. जावईबापू दिवसा झोपतात, नाही का?

नाहीतर लिही की हात तुमचाच. इथे ओट्यावर बसतील, वेळेवर ताट मिळेल, तुझा चहा तुला शांतपणे मिळेल. मी तुला काहीही कर म्हणत नाही. तू मोजणारी, तूच मोज.

भावाचा लोभ आहे तसाच आहे, तुझा किती उरला ते कळव.

तुझा दादा

१० ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे, कागद दिसतो, अक्षर दिसत नाही.

लायनर मिळाला असेल. तुझ्या पत्राची वाट बघतोय. पोस्टमन गल्लीत शिरला की मी उठून उभा राहतो, आणि तो पुढे गेला की तुझी वहिनी आत जाते, म्हणजे मला लाज वाटू नये.

दगड लावण्याआधी मी तो अंगठ्याने चोळून बघतो. जाडा मिठासारखा लागतो, बारीक पिठासारखा. पन्नास वर्षांत एकदाही चुकवलं नाही. त्या दिवशी चोळला होता का? आठवतं की चोळला. मग वाटतं, हे आदल्या दिवशीचं आठवतंय. तुझा भाऊ म्हणतो बारीक दगडांचा डबा उघडा होता. तो कशाला खोटं बोलेल? त्या दिवशी तर त्याने मला जेवायला पाठवलं होतं. काल शर्टाची बटणं लावताना मध्येच थांबलो, बरोबर लागतायत की नाही कळेना. अंगठ्यावरचा भरवसा गेला की पोरी, दुसरं काही धरायला उरत नाही.

तू नऊ वर्षांची होतीस. गिऱ्हाइकासमोर म्हणालीस, बाबांचा सिलिंडर केसभर मोठा झालाय. मी तुला संध्याकाळपर्यंत उन्हात उभी केली. गिऱ्हाईक गेल्यावर मोजला. तू बरोबर होतीस. हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. तू आकड्यात खोटं बोलत नाहीस, म्हणून तुलाच विचारतोय.

जे असेल ते लिही. हात माझा असेल तर पुन्हा विषय काढणार नाही. माझा नसेल, तर पत्र आलं त्या दिवशी टेबलावर जाऊन बसेन, एवढंच. कुणी केलं ते विचारणारसुद्धा नाही.

वाट बघायला लावू नकोस.

बाबा

१९ ऑगस्ट

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. उशीर झाला, माफ करा. मध्यंतरी यांना ताप होता, आणि घरात दिवसा आवाज झालेला यांना अजिबात चालत नाही.

लायनर मी स्वतः मोजला, दहा ठिकाणी. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत भिंत सगळीकडे सारखीच गुळगुळीत आहे. जाळी कुठेच नाही. मशीनच्या रेघा वेगळ्या दिसतात, तशा यात नाहीत. बारीक दगड लागला आणि हात तुमचाच आहे, बाबा.

मनाला लावून घेऊ नका. एवढ्या वर्षांत एक चूक म्हणजे काहीच नाही, आणि डोळ्यांपुढे कुणाचं चालतं? आता ऑपरेशन करून घ्या आणि आराम करा. दादा तुमचं सगळं नीट बघेल, त्याने मला तसं कळवलं आहे. इकडे यावंसं वाटलं तर आधी पत्र टाका, अचानक निघू नका.

लायनर परत पाठवत नाही. चार लोकांच्या हाती लागून उगाच तुमच्या कामाचं हसं व्हायला नको, म्हणून काल आमच्या कारखान्यातल्या भट्टीत टाकला. वितळेपर्यंत मी समोर उभी होते.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू द्या.

आपली मोजपट्टी